लिनक्सच्या घरातील अनाहूत पाहुणे

लग्नाचे आमंत्रण एका गृहस्थाला द्यावे आणि पंगतीत मात्र त्याच्या नावाने बारा पाने मांडावी लागावीत, हा अनुभव आपल्याकडे कोणासच नवा नाही. गृहस्थाबरोबर त्याचे कुटुंब येते. ते यावयासच पाहिजे. कुटुंबाबरोबर शेजारी येतो. तेही एक वेळ चालेल. परंतु शेजाऱ्याबरोबर त्याचा मेहुणा आणि मेहुण्याबरोबर त्याचा स्नेही येऊन बसला, म्हणजे यजमानास प्रश्न पडतो की, यांना बोलाविले कोणी? संगणकातही नेमका हाच प्रकार घडत असतो. आपण एक लहानसा प्रोग्राम मागवितो आणि त्याच्या पाठोपाठ दहापंधरा निराळ्या वस्तू येऊन मुक्काम ठोकतात. हे अनाहूत पाहुणे ओळखावे कसे, आणि त्यांना दारातच थांबवावे कसे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

आमच्या आष्टीसारख्या गावी हा विषय केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे. परतूर तालुक्यातील या भागात ज्या घरी संगणक आहे, त्या घरी तो बहुधा जुना, दुसऱ्याने वापरून दिलेला असतो. त्याची साठवण तोकडी. आणि इंटरनेट म्हणावे तर वडिलांच्या मोबाईलमधील रोजचा ठराविक डेटा. तो डेटा नको असलेल्या वस्तू उतरवून घेण्यात सकाळीच संपला, तर सायंकाळी अभ्यासाचा धडा पाहावयास काही उरत नाही. जुन्या संगणकावर लिनक्स उत्तम चालते, हे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस आता ठाऊक आहे. पण ते उत्तम चालत राहावे, तर घराची राखण आपणच केली पाहिजे.

आता मूळ विषयाकडे वळू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा रचिला. त्या गाभ्याभोवती उपयुक्त प्रोग्राम जमवून संपूर्ण संच सिद्ध करणाऱ्या मंडळींपैकी डेबियन ही एक प्रमुख. इयन मर्डॉक याने १९९३ साली तिची स्थापना केली. उबुंटू हा संच डेबियनवरूनच निघाला. आणि ज्या सी-डॅक संस्थेचे मुख्य ठाणे आपल्या पुण्यात आहे, तिने तयार केलेला 'बॉस' हा भारतीय संचही डेबियनच्याच पायावर उभा आहे. सबब पुढील विवेचन आम्ही डेबियनच्या रीतीस धरून केले आहे.

लायब्ररी म्हणजे काय, हे प्रथम समजून घ्यावे. येथे पुस्तकांचे कपाट अभिप्रेत नाही. गावात पूर्वी घरोघर जाते असे. आता पिठाची गिरणी असते आणि सारी घरे आपले दळण तेथे नेतात. जे काम अनेकांस लागते ते एका ठिकाणी, एकाच यंत्राने व्हावे, यात शहाणपण आहे. संगणकातील लायब्ररी ही अशीच गिरणी होय. अक्षरे पडद्यावर काढणे, चित्राची फाइल उघडणे, मजकूर दाबून लहान करणे, ही कामे शेकडो प्रोग्रामांस लागतात. प्रत्येकाने ती स्वतः लिहीत न बसता एका सामाईक लायब्ररीकडून करून घ्यावी, अशी योजना आहे. त्यामुळे जागा वाचते. आणि गिरणीत बिघाड सापडला, तर एकदाच दुरुस्ती केल्याने सर्व घरांचे काम भागते.

परंतु या सोयीची दुसरीही बाजू आहे. गिरणी बंद पडली की सारीच घरे अडतात. आणि कोणी जात्यात खडा टाकला, तर तो गावातील प्रत्येकाच्या भाकरीत येतो. म्हणून, आपले घर कोणकोणत्या गिरण्यांवर अवलंबून आहे, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. एखाद्या प्रोग्रामाला दुसऱ्या वस्तूची अशी जी गरज असते, तिला आपण 'अवलंबन' म्हणू.

डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून येतो. त्यास पॅकेज म्हणतात. गाठोड्यावर एक चिठ्ठी असते आणि आपणांस आणखी काय लागते, हे तीत लिहिलेले असते. या मागणीचे तीन मुख्य प्रकार आहेत, व सारा विवेक या तिहींतील भेद जाणण्यात आहे. पहिला प्रकार 'डिपेंड्स', म्हणजे अनिवार्य अवलंबन. पिठावाचून भाकरी नाही, तसे या वस्तूवाचून प्रोग्राम चालणार नाही. दुसरा 'रेकमेंड्स', म्हणजे शिफारस. भाकरीबरोबर कालवण असावे, बहुतेकांस ते लागतेच. पण नसले तरी भाकरी ही भाकरीच राहते. तिसरा 'सजेस्ट्स', म्हणजे निव्वळ सूचना. लोणचे असेल तर बरे, एवढाच तिचा अर्थ.

आता खरी मेख पुढे आहे. डेबियनचा कारभारी जो 'ॲप्ट' नावाचा प्रोग्राम, तो तिसऱ्या प्रकाराकडे आपण होऊन लक्ष देत नाही. परंतु पहिल्याबरोबर दुसराही प्रकार, म्हणजे शिफारशीदेखील, आपणांस वेगळे न विचारता घरात घेतो. बहुसंख्य लोकांची त्यात सोय होते, म्हणून ही रीत पडली आहे. मात्र शिफारस केलेल्या पॅकेजची स्वतःची अनिवार्य अवलंबने असतात, शिवाय त्याच्या स्वतःच्या शिफारशी असतात. आणि अशा रीतीने शेजाऱ्याच्या मेहुण्याचा स्नेही पंगतीत येऊन बसतो.

एक उदाहरण घेऊ. दोनतीन डिस्का जोडून त्यांचा एक भक्कम साठा करणारा 'एम-डी-ॲडम' नावाचा प्रोग्राम आहे. तो मागविला असता त्याच्याबरोबर टपाल पोहोचविणारा संपूर्ण प्रोग्राम येतो. डेबियनवर तो बहुधा 'एक्झिम' असतो. डिस्कांचा आणि टपालाचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. संबंध आहे. डिस्क बिघडली तर मालकास पत्राने कळवावे, म्हणून ही शिफारस केलेली आहे. मोठ्या कचेरीत, जेथे संगणकासमोर कोणी बसलेले नसते, तेथे ती रास्तच आहे. परंतु घरातील किंवा वर्गातील संगणकापुढे आपण रोजच बसतो; तेथे सदैव जागे राहणारे टपाल खाते कशासाठी? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, यातलाच हा प्रकार.

दुसरे उदाहरण आपल्या मराठीचेच आहे. संगणकावर देवनागरी अक्षरे नीट दिसावीत म्हणून एखादा विद्यार्थी 'फॉन्ट्स-इंडिक' हे पॅकेज मागवितो. हे वस्तुतः एक रिकामे गाठोडे आहे. त्यात स्वतःचे काही नसून, सर्व भारतीय लिप्यांचे फॉन्ट आणावेत, एवढी चिठ्ठीच तेवढी आहे. मग देवनागरीबरोबर बंगाली, तमिळ, गुजराती आदी फॉन्टही येतात. ज्याला त्या भाषा वाचावयाच्या आहेत त्याने ते अवश्य घ्यावेत. पण ज्यास केवळ मराठी निबंध लिहावयाचा आहे, त्याचे काम 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या एका लहानशा पॅकेजवर भागते. हे लोहित फॉन्ट आपल्या पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनी दीर्घ काळ सांभाळले व सुधारले, हेही येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. येथे शिफारशीचा दोष नव्हता. मागणाऱ्यानेच हवे त्याहून मोठे गाठोडे मागितले होते. तेव्हा पाहुणे अडविण्याची पहिली पायरी म्हणजे आमंत्रण नेमके द्यावे, ही होय.

आता प्रत्यक्ष उपाय सांगतो. आज्ञा संगणकावर रोमन अक्षरांतच लिहावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिला उपाय, आधी चिठ्ठी वाचणे. 'ॲप्ट शो' असे लिहून पुढे पॅकेजचे नाव दिले, की त्याची अनिवार्य अवलंबने, शिफारशी, सूचना आणि ते किती जागा व्यापणार, हे सर्व दिसते.

दुसरा उपाय, रंगीत तालीम. 'ॲप्ट इन्स्टॉल' या आज्ञेस 'सिम्युलेट' ही पुस्ती जोडावी. तिच्या आरंभी दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात. मग काय काय येईल व काय काय जाईल, याची केवळ यादी दिसते. प्रत्यक्षात काहीही बदलत नाही.

तिसरा उपाय, शिफारशींस नकार. त्याच आज्ञेस 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' अशी पुस्ती जोडली, म्हणजे अनिवार्य तेवढेच येते. टाळलेल्या शिफारशींची यादी ॲप्ट तरीही दाखवितो; ती वाचून हवी ती एखादी वस्तू नावाने मागवावी. हा नकार सेटिंगच्या फाइलीत कायमचा लिहून ठेवता येतो. परंतु शिकाऊ विद्यार्थ्याने तसे लगेच करू नये, असे आमचे मत आहे. कारण शिफारशींत कित्येकदा खरोखर उपयोगाच्या वस्तू असतात, आणि नंतर एखादी सोय का चालत नाही, हे उमगत नाही. फेडोरा हा संच वापरणाऱ्यांस 'डी-एन-एफ' या त्यांच्या कारभाऱ्यामध्ये अशीच सोय 'इन्स्टॉल-वीक-डेप्स' या नावाने आढळेल.

चौथा उपाय, आधीच घरात असलेल्यांची चौकशी. 'ॲप्ट आर-डिपेंड्स' ही आज्ञा, 'इन्स्टॉल्ड' या पुस्तीसह, अमुक लायब्ररीवर आपल्या संगणकातील कोण कोण विसंबून आहे, हे सांगते. 'ॲप्टिट्यूड' नावाचा दुसरा कारभारी असेल, तर त्यास 'व्हाय', म्हणजे 'का?', असे विचारता येते; आणि हा पाहुणा कोणाच्या ओळखीने आला, याची साखळीच तो समोर मांडतो.

पाचवा उपाय, निरोप. ज्यांस आणणारा निघून गेला आणि ज्यांची आता कोणासच गरज उरली नाही, अशांस 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा निरोप देते. आपण स्वतः नावाने मागविलेले कोणते आणि पाठोपाठ आलेले कोणते, याची नोंद ॲप्ट ठेवीत असतो, म्हणून हे साधते. एखादी वस्तू पाठोपाठ आलेली असूनही आपणांस हवी असेल, तर 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' या आज्ञेने ती आपल्या नावावर करून घ्यावी. मात्र एक ध्यानात ठेवावे: ज्याची घरातील कोणीतरी अद्याप शिफारस करीत आहे, त्यास ही आज्ञा सहसा हात लावीत नाही. म्हणूनच नंतर काढण्यापेक्षा आधी थांबविणे सोपे.

येथे आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका जुन्या संगणकावर जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्या यंत्राचे स्पीकर बंदच आहेत, मग ध्वनीची लायब्ररी हवी कशाला, असा विचार करून आम्ही ती काढून टाकण्याची आज्ञा दिली. ॲप्टने भलीमोठी यादी दाखविली आणि 'चालू ठेवू का?' असे विचारले. यादी न वाचता आम्ही 'होय' म्हटले. यंत्र पुन्हा सुरू केले, तो खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे तेवढी! त्या लायब्ररीवर पडद्याची सारी व्यवस्था विसंबून होती. गिरणी बंद करताच सगळ्या चुली विझल्या. दुसऱ्या दिवशी मुलांस त्याच संगणकावर धडा द्यावयाचा होता. ती रात्र सर्व काही पुन्हा उतरवून घेण्यात गेली, आणि वाचविलेल्या जागेच्या कित्येक पट डेटा खर्ची पडला. यादी वाचावयास दोन मिनिटे पुरली असती. ॲप्टचा काही दोष नव्हता. त्याने विचारले होते.

आतापर्यंत जागा आणि डेटा यांविषयी बोललो. पण त्याहून मोठी गोष्ट सुरक्षिततेची आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड नामक अभियंत्याने एक धक्कादायक शोध जगापुढे मांडला. दुसऱ्या संगणकात दुरून प्रवेश करण्याचे जे 'एस-एस-एच' नावाचे दार आहे, ते उघडावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्याच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवण्याएवढा वेळ. पण त्याने तो सोडून दिला नाही. माग काढता काढता तो 'एक्स-झेड' या, मजकूर दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपाशी पोहोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट खोदून ठेवली होती. जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या इसमाने दोनअडीच वर्षे निमूटपणे मदत करून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास संपादिला होता, आणि मग हा खडा जात्यात टाकला होता.

विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे ते पुढील गोष्टीकडे. एस-एस-एचच्या मूळ दारास एक्स-झेडची मुळीच गरज नव्हती. आपण सुरू झालो आहोत, एवढा निरोप 'सिस्टिम-डी' या व्यवस्थापकास देता यावा, म्हणून डेबियन आदी काही संचांनी त्यास सिस्टिम-डीची लायब्ररी जोडली होती. आणि ती लायब्ररी आपल्या अन्य कामांसाठी एक्स-झेडची लायब्ररी बरोबर घेऊन आली. शेजाऱ्याचा मेहुणा आला तो असा! सुदैवाने ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांतच होती. पक्क्या, स्थिर शाखेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच चोर उघडकीस आला. पुढे जुलै २०२४ मध्ये निघालेल्या ओपन-एस-एस-एचच्या ९.८ या आवृत्तीत, तो निरोप देण्याचे काम रचनाकारांनी स्वतःच्या थोड्याशा ओळींतच करून टाकिले; लायब्ररीची गरजच उरली नाही. थोड्या ओळींच्या कामासाठी केवढी थोरली साखळी घरात आली होती! नाकापेक्षा मोती जड, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

इतके वाचून, सर्वच अवलंबने वाईट, असा कोणी समज करून घेईल तर तो मोठी चूक करील. हा मजकूर ज्या देवनागरीत आहे तिचेच पाहा. 'शक्ती' या शब्दातील जोडाक्षर, 'सूर्य' या शब्दातील रफार, 'किती' या शब्दात क नंतर टंकलेली पण त्याच्या आधी उमटणारी ऱ्हस्व वेलांटी, ही सर्व आपापल्या जागी बसविण्याचे अवघड काम लिनक्सवर 'हार्फबझ' नावाची लायब्ररी करते. ती काढून टाकाल, तर मायबोलीची अक्षरे मोडून पडतील. प्रत्येक प्रोग्रामकर्त्याने हे काम स्वतः करावयाचे म्हटले असते, तर मराठी संगणकावर नीट दिसण्यास किती काळ लागला असता, कोण जाणे! अशा लायब्ररीचे ऋण मानावे आणि तिला घरातील माणूस समजून वागवावे. परावलंबन नको, म्हणजे एकांतवास हवा, असे नव्हे. कोणावर विसंबावयाचे, हे जाणूनबुजून ठरवावे, इतकाच आमचा आग्रह आहे.

पालकांस एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून काही नवे उतरवून घेत असेल, तेव्हा आपणांस इंग्रजी येत नसले तरी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हे कोणी आणले? कशासाठी आणले? आणि हे नसेल तर काय अडेल? या तिहींचे उत्तर मुलाला देता आले, तर काम समजून चालले आहे, असे खुशाल मानावे. न आले, तर 'होय' म्हणण्याआधी थांबावयास सांगावे. बी विकत घेताना पिशवीवरील चिठ्ठी वाचून घेणाऱ्या शेतकऱ्यास ही सावधगिरी शिकवावयास नको. ती त्याच्या अंगी आहेच. लिनक्सचे प्राथमिक पाठ मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने मराठीतूनही विनामूल्य दिले आहेत. त्यांचाही लाभ घ्यावा.

मनोरा बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानातील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकिला आहे. संगणकावर तो हिशेब ॲप्ट स्वतःच करून आपल्यापुढे मांडतो: किती वस्तू येणार, किती डेटा लागणार, किती जागा जाणार. आणि मग तो नम्रपणे विचारतो, 'चालू ठेवू का?' विद्यार्थिमित्रहो, पुढील खेपेस तो प्रश्न पडद्यावर दिसेल तेव्हा बोट क्षणभर आवरा आणि वरची यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचून काढा. आम्हास जे एका रात्रीच्या जागरणाने कळले, ते तुम्हास दोन मिनिटांत कळेल.